शंभर उड्डाणं आणि मोज्यांचा वास

विमानातल्या हवेत इंजिनाचं तेल मिसळतं का, याच्या संशोधनावर सरकारने पैसे घालावेत का, यावरून निखिल आणि अश्विनीची जुंपली.

"ब्रिटनने घातले की! क्रॅनफिल्ड विद्यापीठाने 5 प्रकारच्या विमानांत 100 उड्डाणांवर नमुने घेतले, 2011 मध्ये अहवाल दिला. 95 टक्क्यांहून जास्त नमुन्यांत टीसीपी, म्हणजे तेलातलं ते घातक रसायन, सापडलंच नाही. मिटलं," निखिल म्हणाला.

"हेपा फिल्टर असतोच की वर," कुणीतरी री ओढली.

मंदारला राहवेना. "तो परत फिरवलेल्या हवेच्या वाटेवर असतो. ताजी हवा येते इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, इंधन पेटण्याच्या आधीच्या टप्प्यावरून. ती फिल्टरमधून जातच नाही. आणि हेपा कण धरतो, वाफ नाही. कॉम्प्रेसरच्या बेअरिंगला तेल लागतं. तिथला सील म्हणजे नळाचा वायसर नव्हे, हवेचा दाबच तेलाला आत रोखतो. इंजिन सुरू होताना, उतरताना थ्रॉटल मागे घेताना दाब हलला की तेल निसटतं. तेल जास्त भरलं तरी तेच. मग न धुतलेल्या मोज्यांचा वास! त्या तेलात साधारण 3 टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट, म्हणजे टीसीपी, झीज कमी व्हावी म्हणून घालतात. मज्जासंस्थेला धोका म्हणतात तो त्याचा."

"आता हिशोब कर," अश्विनी म्हणाली. "ब्रिटनच्याच विषविज्ञान समितीने 2007 मध्ये मांडलंय: वैमानिकांची तक्रार साधारण 100 उड्डाणांत एकदा, तपासणीत खरी ठरते 2,000 त एकदा. तुझ्या 100 त काय सापडणार? एक तरी प्रसंग हाती लागेल अशी 95 टक्के खात्री हवी, तर 6,000 उड्डाणं मोजायला हवीत. रीतसर नोंदवावा असा एकही प्रसंग घडला नाही, हे क्रॅनफिल्डवालेही लिहितात."

"म्हणजे साठपट खर्च?"

"छे! शोषक नळी आणि छोटा पंप विमानातच ठेवायचा, वास आला की क्रूने चालू करायचा."

"साधा सेन्सर का नको?" निखिल.

"त्याला सॅनिटायझर आणि तेल यांतला फरक कळत नाही," मंदार म्हणाला. "आणि रक्ताचं काय? टीसीपीचा परिणाम ज्यावर तपासतात, त्या कोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमची पातळी माणसागणिक वेगळी. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही."

"म्हणून सरकारी पैसा तिथे घाला," अश्विनी म्हणाली. "क्रूच्या आधीच्या चाचण्यांवर. कंपनी कशाला करेल?"

"केबिनसाठी इंजिनातून हवा न घेणारं, म्हणजे ब्लीड नसलेलं बोइंग 787 घ्यावं सरळ!"

"आणि उरलेली विमानं तुझ्या गच्चीवर ठेवायची?"