बरं

शेजारच्या काकूंनी रविवारी जेवायला बोलावलं होतं. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी पुढं आली तेव्हा मी हात आडवा धरला, "पुरे काकू."

त्या म्हणाल्या, "बरं."

एवढंच. परगावच्या माणसाला यात काही घडलंय असं वाटायचंही नाही. पण कोल्हापुरात रश्श्याला 'पुरे' म्हणायचं म्हणजे तालमीच्या दारात येऊन कुस्ती आवडत नाही म्हणण्यासारखं. शिवाय ते 'बरं' अगदीच कोरडं होतं. मागं 'लाजू नकोस' नाही, पुढं 'निदान तांबडा तरी घे' नाही.

रात्री अकराला, भर मार्चात, माझी पंचगंगा चढायला लागली. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर आलं की इशारा, 43 वर धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ असतं. 'रस्सा आवडला नाही असं वाटलं असेल' म्हणजे 39. 'काकांच्याही कानावर घातलं असेल', 41. 'म्हणूनच काका संध्याकाळी जिन्यात नुसते हसले', 43. जनावरं हलवा. राधानगरीचे सात दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. माझेही तसलेच. चौथीत बाईंना भर वर्गात 'आई' म्हणालो होतो, तो दरवाजा दीडच्या सुमारास उघडला.

"झोपा की आता," बायको म्हणाली.

"अगं, काकूंचं ते बरं..."

"त्यांचं बरंच चाललंय. झोपा."

या सवयीला मानसशास्त्रात रुमिनेशन म्हणतात आणि तो शब्द मुळात रवंथाचाच. हे कळल्यापासून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन मी म्हशीकडं जरा आदरानं बघतो. ती रवंथ करून दूध तरी देते.

मानसशास्त्रज्ञांचाच एक उपाय वाचला होता: काळजीला रोजची ठरावीक वेळ आणि जागा द्यायची, अवेळी आली तर 'उद्या ये' म्हणून परत लावायची. मी संध्याकाळी सहा ते साडेसहा, रंकाळा, असं ठरवलं. वही-पेन घेऊन बसलो. काळजी आलीच नाही. भेळ आली. मग एक ओळखीचा आला. "काय भावा, हिशेब काय?" मी म्हणालो, "व्हय."

रात्री अकराला: 'व्हय' का म्हणालो? आता मी सावकारी करतो असं त्याला वाटलं तर?

उपाय अगदीच वाया गेला असं नाही म्हणणार. दुसऱ्या दिवशी निग्रहानं लिहायला बसलो तर रात्रभराचा ऐवज एका ओळीत मावला. 'काकू. बरं.' पान भरेना, म्हणून तारीख टाकली.

आठव्या दिवशी राहवेना. गेलो. काकू चटणीच्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"काकू, त्या दिवशी मी पुरे म्हणालो ना, ते पोट भरलं होतं म्हणून."

"कुठल्या दिवशी रे?"

मी सगळं सांगितलं, वाट्यांच्या आकड्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हातातल्या मिरचीचा देठ काढला आणि म्हणाल्या,

"बरं."