मशीनला पेशंट आठवत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असा: डिजिटल एक्स-रे मशीन ऑटोमॅटिक असतं. तुमचा मागचा डोस त्याच्या मेमरीत राहतो आणि पुढच्या वेळी तेवढाच आपोआप दिला जातो. टेक्निशियन फक्त बटण दाबतो. चित्र स्वच्छ आलं म्हणजे डोस बरोबर. तेव्हा कितीही वेळा काढा, काळजी नको. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांत छातीचा एक्स-रे काही नवलाचा नाही, त्यामुळे हा मेसेज तिकडे जोरात पसरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

‘तुमचा डोस मशीनच्या मेमरीत असतो.’

मेमरी असते, पण तिच्यात तुम्ही नसता. तिथे साठवलेले असतात अवयवांचे प्रोग्राम. ‘छाती, समोरून’ निवडलं की साधारण ११० ते १२५ केव्ही (किरणांचा जोर), किरण मोजणारे दोन्ही बाजूंचे चेंबर, कोणता फोकल स्पॉट (किरण जिथून निघतात तो ठिपका), जास्तीत जास्त किती एमएएस (किरणांचं प्रमाण), हे सगळं एका झटक्यात सेट होतं. आपल्या जकार्ड मागाच्या पंच कार्डांत चादरीचं डिझाइन असतं, चादर कोण पांघरणार हे नसतं, तसंच हे.

दुसरी साठवण जास्त महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड करत नाही. पेशंट आणि चित्र टिपणारा डिटेक्टर यांच्यामध्ये पातळ आयनायझेशन चेंबर असतात, बहुतेक मशीनमध्ये तीन. पेशंटमधून आरपार आलेले किरण ते मोजतात, ठरलेला आकडा गाठला की जनरेटर (किरणनळीला वीज पुरवणारा भाग) एक्सपोजर, म्हणजे किरणांचा मारा, तोडतो. यालाच एईसी, म्हणजे ऑटोमॅटिक एक्सपोजर कंट्रोल म्हणतात. अडचण अशी की चेंबर आणि डिटेक्टर हे दोघेही वेगवेगळ्या केव्हीला सारखं वागत नाहीत. ७० केव्हीला जो आकडा योग्य, तो १२० ला चुकतो. म्हणून मशीन बसवताना इंजिनिअर ॲक्रिलिकचे किंवा पाण्याचे वेगवेगळ्या जाडीचे फँटम (शरीराच्या जागी ठेवायचे नमुने) ठेवून, केव्ही बदलत, कुठे थांबायचं याचा तक्ता तयार करतो आणि तो वीज गेली तरी पुसला जाणार नाही अशा मेमरीत ठेवतो. डिटेक्टर बदलला आणि जुना तक्ता तसाच राहिला, तर मशीन इमानेइतबारे चुकीच्या ठिकाणी थांबत राहतं. जुन्या जनरेटरांत असा डेटा छोट्या बॅटरीवर तग धरून असायचा. बॅटरी संपली की आकडेही गेले. छातीचं एक्सपोजर बहुधा २० मिलिसेकंदांच्या आत आटोपतं, तेवढ्यात तक्ता चाळत बसायला वेळ नसतो. लागणारा आकडा आधीच हाताशी आणून ठेवावा लागतो.

आणि चालू एक्सपोजरमध्ये चेंबरने मोजलेल्या किरणांची बेरीज? ती प्रत्येक वेळी शून्यावर आणावीच लागते. नाहीतर आधीच्या पेशंटची शिल्लक पुढच्याच्या खात्यात जाईल आणि त्याचं एक्सपोजर अर्ध्यावर तुटेल. १९४२ मध्ये रसेल मॉर्गन यांनी प्रकाशविद्युत टायमर मांडला, तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही.

तुमच्या नावाची फाईल कॉम्प्युटरवर राहते, हे खरं. एक्सपोजर कधी तोडायचं हे मात्र एईसी त्या फाईलवरून ठरवत नाही, आणि तेच बरं. टीबीने माणूस वाळला असेल किंवा छातीत पाणी भरलं असेल, तर मागच्याइतकाच डोस हा चुकीचा डोस ठरेल. मेसेज ज्याला सोय म्हणतो, ती प्रत्यक्षात असती तर बिघाड म्हणून दुरुस्त करावी लागली असती.

(ऑपरेशन थिएटरमधल्या सी-आर्मचं, म्हणजे हलतं चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनचं, थोडं वेगळं असतं. तिथे आधीचे केव्ही-एमए ही पुढची सुरुवात असू शकते, पण तेही समोर जे आहे त्यानुसार लगेच बदलतात.)

‘टेक्निशियन फक्त बटण दाबतो.’

चेंबरला फक्त त्याच्यावर पडणारे किरण कळतात. कंबरेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत पेशंट जरा सरकला आणि मधला चेंबर पाठीबाहेर उघडा पडला, तर थेट किरण लागून एक्सपोजर लवकर तुटतं आणि मणके दिसतच नाहीत. उलट खुब्यातला धातूचा सांधा चेंबरवर आला, तर चेंबर उपाशी राहतो आणि एक्सपोजर लांबत जातं. पेशंट टेबलावर आणि निवड मात्र भिंतीवरच्या बकीची (डिटेक्टर आणि चेंबर बसवलेल्या स्टँडची), ही चूक तर क्लासिक. अशा वेळी वाचवते ती वरची मर्यादा. अमेरिकेच्या नियमांत ५१ केव्ही आणि त्यापुढे ती ६०० एमएएस आहे. लहान बाळाचं शरीर चेंबर झाकत नसेल, तर एईसी बंद करून हातानेच सेटिंग करावं लागतं. हे सगळं पाहणारा टेक्निशियनच असतो.

शिवाय ‘डिजिटल’ म्हणजे ‘ऑटो’ नव्हे. पेठेतल्या छोट्या सेंटरवर कॅसेट रीडरमध्ये घालून चित्र स्क्रीनवर आणतात, ते डिजिटलच. पण एमएएस बहुधा हातानेच दिलेला असतो.

‘चित्र स्वच्छ म्हणजे डोस बरोबर.’

मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा मुद्दा हा. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची, चूक लगेच चव्हाट्यावर यायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं. डोस कमी पडला तर चित्रात दाणे दिसतात, डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाला तर चित्र आणखी गुळगुळीत दिसतं आणि तक्रार कुणीच करत नाही. मग सेटिंग हळूहळू वर सरकत जातं.

यासाठीच एक्सपोजर इंडेक्स आहे, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले ते सांगणारा आकडा. २००८ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यासोबतचा डेव्हिएशन इंडेक्स (ठरलेल्यापेक्षा किती फरक पडला तो आकडा) शून्याजवळ हवा. +३ म्हणजे डिटेक्टरपर्यंत ठरल्याच्या जवळपास दुप्पट, -३ म्हणजे निम्मं. मात्र हा आकडा डिटेक्टरचा आहे, तुमच्या शरीराचा डोस नव्हे. तो वाचून घरी हिशेब मांडू नका.

‘कितीही वेळा काढा.’

छातीचा एक साधा एक्स-रे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्टचा, आणि निसर्गातून वर्षाला मिळणारा जागतिक सरासरी डोस सुमारे २.४. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या एक्स-रेला घाबरायचं कारण नाही. कंबरेचा किंवा पोटाचा मात्र छातीच्या कितीतरी पट असतो, आणि सीटी त्याहून वर. पेशंटसाठी वर्षाची ठरावीक मर्यादा नसते. वैद्यकीय गरज आहे का, एवढंच बघतात. म्हणून मागची फिल्म किंवा सीडी सोबत न्या, पोटात बाळ असण्याची शक्यता असेल किंवा अंगात रॉड, सांधा, पेसमेकर असेल तर आत जाण्याआधी सांगा. सेंटरला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आहे का आणि दर दोन वर्षांची क्वालिटी चाचणी झाली आहे का, हेही काउंटरवर विचारता येतं.