पाटी लावा हो, पण उन्हाळ्याचे पैसेही द्या

अमेरिकेत एखाद्या निवृत्त न्यायाधीशबाईंनी आपल्या लॉ स्कूलला देणगी दिली की फोटो ठरलेला. डीन, कात्री, फीत आणि भिंतीवर नावाची पाटी. पाटीवर माझा राग नाही. जन्मभर दुसऱ्यांचे तंटे ऐकलेल्या बाईचं नाव कुठे कोरलं गेलं तर बिघडलं काय? पण तो पैसा कशावर खर्च व्हावा याबद्दल माझं ठाम मत आहे, ते आज लिहूनच टाकते.

न्यायाधीश म्हणजे गडगंज, असा आपला समज असतो. तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायव्यवस्थेतल्या, जिल्हा न्यायाधीशाचा पगार वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आसपास. न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्ममध्ये नुकत्याच पास झालेल्या पोरीला पहिल्याच वर्षी २ लाख २५ हजार मिळतात, वर बोनस वेगळा! तेव्हा देणगीतले न्यायाधीशबाईंचे १ लाख डॉलर आणि एखाद्या फर्मच्या भागीदाराचे १ लाख यांचं वजन सारखं नाही.

आता हे १ लाख कायमस्वरूपी निधीत ठेवले तर मुद्दलाला हात लावत नाहीत. वर्षाकाठी साधारण ४ ते ५ टक्के खर्चायला काढतात, म्हणजे ४-५ हजार डॉलर. नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती फीच वर्षाला ७० हजारांच्या वर. फीसाठी दिले तर दर्यामे खसखस.

पण हीच रक्कम एका उन्हाळ्याला मोठा आधार होते. तिथे कायद्याची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी काम करतात आणि पुढची वाट बरीचशी तिथेच ठरते. बड्या फर्म घसघशीत पैसे मोजतात. भाडेकरूंचे, स्थलांतरितांचे खटले लढवणाऱ्या संस्थांकडे मात्र बरेचदा द्यायला काही नसतं. मग तिथे फुकट राबणार कोण? ज्यांचं खोलीभाडं घरून येतं ते. बाकीची मुलं मनात असूनही जात नाहीत, आणि ‘हल्ली कोणाला समाजसेवा नको’ असं म्हणायला आपण मोकळे.

सँड्रा डे ओ'कॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून वरच्या क्रमांकाने बाहेर पडल्या. एका फर्मने विचारलं ते सेक्रेटरीच्या कामाचं. शेवटी सॅन मटेओ काउंटीच्या सरकारी वकिलांकडे त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम धरलं, टेबलही तिथल्या सेक्रेटरीच्या खोलीतच. १९८१ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. ते बिनपगारी दिवस त्यांना निभावता आले. ज्यांना आले नसतील त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचायचं कारणच नाही.

कॉन्स्टन्स बेकर मोटली यांची गोष्ट मला याहून जवळची वाटते. न्यू हेवनमधलं कृष्णवर्णीय कुटुंब, बारा भावंडं, वडील आचारी. हायस्कूल झालं, पुढे पैसे नाहीत. तिथल्या समाजकेंद्रात कृष्णवर्णीय लोक का फिरकत नाहीत, यावर सभा भरली होती. ही मुलगी उभी राहून म्हणाली, इथल्या कारभारात आम्हाला विचारतं कोण? त्या केंद्राला पैसा पुरवणारे उद्योजक क्लॅरेन्स ब्लेकस्ली समोरच बसले होते. दुसरा कोणी असता तर नाक मुरडून निघून गेला असता. यांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला, थेट कोलंबिया लॉ स्कूलपर्यंत. १९४६ मध्ये तिने तिथून कायद्याची पदवी घेतली. पुढे सर्वोच्च न्यायालयात दहा खटले लढवले, नऊ जिंकले आणि १९६६ मध्ये फेडरल न्यायाधीश झाली, त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. केंद्राला दिलेल्या पैशापेक्षा हा पैसा जास्त कामी आला, असं मला तरी वाटतं.

न्यायाधीशबाईंना हे मी सांगायला नको. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालाने गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. दिवाणी प्रकरणांत तशी सरसकट हमी नाही. घर खाली करायच्या दाव्यात घरमालकाचा वकील फाइल उघडून उभा, आणि भाडेकरू हातात चुरगळलेली नोटीस घेऊन एकटा. जिने हे खुर्चीवरून बघितलंय, तिला पैसा कुठे कमी पडतो हे पक्कं ठाऊक असतं. लॉ स्कूलचं क्लिनिक, म्हणजे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी खरे खटले चालवतात ती जागा, अशांच्याच उपयोगी पडते.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पदावर असताना फेडरल न्यायाधीशाने स्वतः देणगी द्यायला हरकत नाही, पण लोकांकडे देणगी मागत फिरायला आचारसंहितेने मनाई आहे. ते बरोबरही आहे. उद्या ज्याचा खटला आपल्यापुढे येणार त्याच्याकडे हात कसा पसरायचा? पद पूर्णपणे सोडलं की हे बंधन सुटतं. म्हणून माझ्या मते बाईंचा चेक ही फक्त सुरुवात. त्यांच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं लॉ क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांचे कायद्याच्या कामातले मदतनीस, म्हणून घासलेली मुलं आज मोठमोठ्या फर्ममध्ये भागीदार आहेत, कमाईत बाईंना कधीच मागे टाकून गेलेली. बाईंनी स्वतः एकेकाला फोन लावावा. टाळायची हिंमत कोणाची होते बघू!