जाळीच्या पुलावरून एकदा सायकल घालून बघा, मग हसा

आज सकाळी एका ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. पाऊस नुकताच पडून गेलाय, लोखंडी जाळीचा पूल आहे, म्हणजे रस्त्याच्या जागीच लोखंडी पट्ट्यांची उघडी जाळी, आणि एक सायकलवाला सरळ जाता जाता अचानक आडवा होतो. ना समोर कुणी आलं, ना त्याने वळण घेतलं. खाली खदाखदा हसणाऱ्या तोंडांची रांग. आणि मग एका महाशयांचा शेरा, "चालवता येत नाही तर घरी बसावं."

मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. त्या ग्रुपवर वडीलधारी मंडळी आहेत, उगाच तोंड कशाला वाजवा. म्हणून इथे लिहितेय. इथे सगळी आपलीच माणसं आहेत, पडलेल्या माणसाला आधी हात द्यायचा असतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

तो व्हिडिओ बघितला आणि मला दादाच दिसला. माझा दादा असाच पडला होता. असाच पूल, अशीच ओली जाळी. मी मागच्या सायकलवर होते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत झालं. पुढचं चाक किंचित डावीकडे ओढलं गेलं, त्याने सावरलं. परत ओढलं गेलं, परत सावरलं. आणि तिसऱ्या झटक्याला मागचं चाक त्याच्या खालून निघून गेलं. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तो उठून बसला तेव्हा गुडघ्यावर चौकडी उमटली होती. अक्षरशः चौकडी, जाळीच्या घरांची, आणि प्रत्येक रेघेतून रक्त येत होतं. हातमोज्याचा तळवा फाटून लोंबत होता. सायकलच्या घंटीची वरची वाटी निखळून जाळीतून खाली गेली होती.

डांबरावर पडलं की खरचटतं. जाळीवर पडलं की सोलून निघतं. बऱ्याच पुलांवर त्या लोखंडी पट्ट्यांच्या वरच्या कडेला दाते पाडलेले असतात, गाड्यांच्या चाकांना पकड मिळावी म्हणून. म्हणजे गाडीला पकड आणि पडणाऱ्याला किसणी. आणि लोक हसतात.

बरं, दादा काही नवशिका नाही. शाळेपासून सायकलवर आहे. आणि वेग? शेजारून पळणारा माणूस त्याला गाठेल इतका कमी. तरीही तिथल्या तिथे पहिलं वाक्य कानावर पडलं ते, "जरा सांभाळून चालवायची ना." मागच्या गाडीतून. काच अर्धी खाली करून. माणूस उतरलासुद्धा नाही.

तर ऐका, सांभाळून चालवणारा का पडतो ते.

सायकल उभी राहते ती तुम्ही हँडल सतत इकडे-तिकडे बारीक बारीक हलवता म्हणून. आपल्याला ते कळतही नाही, हात आपोआप करतात. तोल डावीकडे गेला की हँडल डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. यासाठी टायरला जमिनीची आडवी पकड लागते, थोडीशीच, पण सतत. सायकलचा टायर जमिनीला टेकतो तोच मुळात काही चौरस सेंटीमीटर. जाळीवर त्यातलाही बराचसा भाग हवेत. टेकतो तो फक्त पट्ट्यांच्या कडांवर, आणि त्या कडा वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकांखाली घासून गुळगुळीत झालेल्या. त्यावर पाणी पडलं, पाण्यात गाड्यांमधून ठिबकलेलं तेल मिसळलं, की संपलं. पाणी जाळीतून खाली जातं हे खरं, पण पट्टीच्या माथ्यावर जो पातळ थर राहतो तो घसरायला पुरतो. लांबलेल्या कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस तर सगळ्यात वाईट.

दुसरी गंमत अशी की त्या पट्ट्या टायरला स्वतःच वळवतात. टायर एका कडेवरून निसटतो, पुढच्या कडेला लागतो, आणि प्रत्येक वेळी हँडल तुमच्या हातात आपणहून हलतं. माणूस घाबरून मुठी आवळतो. मुठी आवळल्या की हातांचं ते बारीक सावरणं बंद पडतं आणि मोठे झटके सुरू होतात. दादाचं नेमकं हेच झालं. तिसरा झटका त्याच्या अनाडीपणाचा नव्हता, जाळीचा होता. आणि ब्रेक? ओल्या लोखंडावर ब्रेक दाबलात तर चाक जागीच अडतं आणि सायकल पुढे सरकत राहते.

शिवाय पायाखाली आरपार पाणी दिसतं. चालत जाताना मजा वाटते. सायकलवरून खाली नजर गेली की जाळीची घरं सरसर मागे पळतात, त्यांच्याखाली नदी वेगळ्याच चालीने हलत असते, आणि डोकं गरगरतं. सगळ्यांचं होत नसेल. माझं होतं.

थंडीत अजून एक. पुलाला वरून गार हवा लागते आणि खालूनही. म्हणून रस्ता ठीक असतो तेव्हाच पूल गोठलेला असू शकतो. लोखंड तर झपाट्याने थंड होतं. पहाटेचं दव साधं दिसतं, पण पुलावर त्याचा भरवसा धरू नये.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या वाहतूक चिन्हांच्या अधिकृत पुस्तकात लोखंडी जाळीच्या पुलासाठी वेगळी पाटी आहे, आणि तिच्याखाली लावायला मोटरसायकलच्या चित्राची पुरवणी पाटीसुद्धा. म्हणजे दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला इथे धोका आहे हे पूल बांधणाऱ्यांना, पाट्या लावणाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक आहे. नाही ते फक्त ग्रुपवर हसणाऱ्यांना.

आणि जाळीपेक्षा वाईट म्हणजे जाळीच्या तुकड्यांमधली फट. जाळी अख्खी येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी बसवतात. सांधा आडवा असेल तर दणका बसतो आणि आपण पुढे जातो. सांधा प्रवासाच्या दिशेने असेल आणि टायरपेक्षा रुंद असेल तर चाक सरळ आत. अमेरिकेतल्या सिएटल शहरात माँटलेक पुलावर 2007 साली हेच झालं. सायकलस्वाराचं चाक दोन तुकड्यांमधल्या फटीत अडकलं, मणक्याला कायमची इजा झाली, आणि पुढे राज्य सरकारला 80 लाख डॉलर देऊन खटला मिटवावा लागला. त्या माणसालाही कुणीतरी "सांभाळून" म्हणालंच असेल. फट कुणी ठेवली हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो बहुतेक.

दादाला त्या दिवशी अजून एक सल्ला मिळाला. मलमपट्टी करणाऱ्या बाईंनी, अगदी प्रेमाने, "पुलावर उतरून चालत जायचं हो." बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. खरं तर ओल्या जाळीवर उतरणं हाच शहाणपणा आहे, मीही उतरते. पण हे उत्तर म्हणून मला कुणी ऐकवू नका. रोज कामावर सायकलने जाणाऱ्याने रोज उतरायचं, अरुंद फुटपाथवर समोरून येणाऱ्यांची माफी मागत सायकल ढकलायची, आणि जिथे फुटपाथच नाही तिथे? तिथे जाळीवरूनच बूट घसरवत चालायचं, मागे गाड्या हॉर्न मारत असताना. गाडीवाल्याला कधी कुणी सांगितलंय का, "पूल आला, उतरा आणि ढकला"?

मान्य, जाळी कुणी सायकलवाल्यांचा सूड म्हणून टाकलेली नाही. ती हलकी असते, आणि जे पूल बोटींसाठी मधून उघडतात त्यांना प्रत्येक किलो उचलावा लागतो. शिकागो अशा पुलांसाठी प्रसिद्ध आहे, तिथला कॉर्टलँड स्ट्रीटचा उचलपूल तर 1902 चा. शिवाय जाळीतून वारा आरपार जातो. अमेरिकेतल्याच टॅकोमाचा झुलता पूल 1940 साली वाऱ्याने पिळवटून कोसळला, आणि 1950 साली त्याच्या जागी जो उभा राहिला त्याच्या रस्त्यात मुद्दाम जाळीच्या पट्ट्या सोडल्या. मिशिगनमधला 1957 चा मॅकिनॅक पूल, सुमारे 8 किलोमीटर लांब, त्याच्याही झुलत्या भागात आतल्या दोन मार्गिका जाळीच्या. तिथे सायकल चालवायला परवानगीच नाही, पूलवाले पैसे घेऊन तुम्हाला सायकलसकट गाडीतून पलीकडे सोडतात. निदान खरं बोलतात! हा रस्ता तुमच्यासाठी नाही, या बसा, आम्ही नेतो. मला हे "सांभाळून चालवा"पेक्षा शंभरपट सभ्य वाटतं.

आणि हो, काही पोरं अशा पुलावर रेस लावतात. लावतात, माहीत आहे. दादा लावत नव्हता.

मला चीड येते ती याची की उपाय साधा आहे. अख्खा पूल बदला असं कुणी म्हणत नाही. कडेने सायकलपुरती पट्टी झाका. खरखरीत पृष्ठभागाचे तक्ते टाका, किंवा तेवढीच घरं काँक्रीटने भरा. शिकागोत किंझी स्ट्रीटवर 2011 साली गाड्यांपासून वेगळी राखलेली सायकल मार्गिका केली, तेव्हा वाटेतल्या पुलाच्या जाळीवर सायकलींच्या पट्ट्यात तक्तेच बसवले. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरातला हॉथॉर्न पूल 1910 चा, गाड्यांसाठी जाळी अजून आहे, पण 1999 साली दोन्ही बाजूंचे फुटपाथ 10 फूट रुंद केले आणि सायकली तिकडून जायला लागल्या. आज तो त्या शहरातल्या सायकलींच्या सगळ्यात गजबजलेल्या वाटांपैकी एक आहे. शंभर वर्षांचा म्हातारा पूल, उचलणारा, वजनाची पंचाईत असलेला. त्याला जमलं. उचलपुलावर वजन वाढलं की त्याला तोलून धरणारं पलीकडचं वजन परत जुळवावं लागतं, कबूल, कुणी अभियंता इथे येऊन सांगेलच. जुळवा मग. तेच तर तुमचं काम आहे.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. चहा घेऊन आले.

दादा त्यानंतर बरेच दिवस त्या पुलाकडे फिरकला नाही. लांबचा वळसा घालून जायचा आणि विचारलं की म्हणायचा, "तिकडचा रस्ता छान आहे, झाडं आहेत." झाडं! ज्या माणसाने मला सायकल शिकवली, सीट धरून मागे पळत, तो मला झाडं सांगत होता. मी काही बोलले नाही. एका कोरड्या दुपारी आम्ही दोघं गेलो, तो पुढे, मी मागे. जाळी लागायच्या आधीच त्याने वेग कमी केला, आणि मग पलीकडे पोचेपर्यंत ब्रेकला हात लावला नाही. मुठी सैल, कोपरं जरा वाकवलेली, बूड सीटवर घट्ट, पाय संथ फिरते. नजर पुलाच्या पलीकडच्या टोकाला, जाळीकडे नाही. हँडल वळवळत होतं आणि तो ते वळवळू देत होता. मागून मला त्याची मानही हललेली दिसली नाही.

तुम्हाला कधी असा पूल लागलाच तर एवढं करा. टायर जरा रुंद असेल आणि हवा ठासून भरलेली नसेल तर बरं पडतं. मार्गिका बदलायची असेल तर जाळीच्या आधी बदला, वर गेल्यावर नाही. फट दिसली आणि तुम्ही जाताय त्याच दिशेने ती लांब गेलेली असेल तर तिच्यापासून चार हात लांब राहा, ओलांडायचीच वेळ आली तर उतरून सायकल उचला. मागून हॉर्न वाजला तर वाजू द्या, वळून बघू नका. आणि जाळी ओली असेल तर उतरा. हो, मीच सांगतेय. संताप आपल्या जागी, गुडघे आपल्या जागी.

पण हे सगळं सांगताना माझा जीव वरखाली होतो, कारण उद्या पुन्हा कुणी पडलं की लोक हीच यादी काढून त्याच्या तोंडावर मारतील. नजर कुठे होती? मुठी सैल होत्या का? पूल मात्र नामानिराळा. त्याला कुणी काही विचारत नाही.

ग्रुपवरच्या त्या महाशयांना मी शेवटी एवढंच लिहिलं, "काका, एकदा या माझ्याबरोबर, सायकल मी देते." अजून उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र आल्यात.

आणि खाली कमेंटमध्ये "दादाचा टायर कोणता होता, हेल्मेट होतं का" विचारायला येणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवते. टायर चांगला होता, हेल्मेट होतं. आता पुलाबद्दल बोलूया?