डोकंच दुखतंय ना, मग बस की कामाला!

"मॅडम, सिर ही तो दुख रिया है, बाम लगा लो!" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. साहेब तेच म्हणतात, ऑफिसातली काल आलेली पोरं तेच म्हणतात, आणि घरी आल्यावर शेजारच्या काकू मराठीत तेच म्हणतात.

अरे, मला मायग्रेन आहे, अर्धशिशी! हा मेंदूचा आजार आहे! वेळेवर औषध मिळालं नाही तर एकेक अटॅक ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतो. बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट. २०१६च्या जागतिक आकडेवारीत माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांमध्ये मायग्रेनचा नंबर दुसरा होता. आणि तुम्ही मला बाम देताय?

मी इंदूरमध्ये विजयनगरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. २० तारखेला जीएसटीची ३बी ही महिन्याची रिटर्न भरायची, म्हणजे आदले दोन दिवस जेवायचीही शुद्ध नसते. जेवण चुकलं, झोप मोडली की माझं ठरलेलंच. आधी जांभयांवर जांभया, मान आखडते. मग एक्सेलमधल्या आकड्यांना भोक पडतं. १,४८,६०० लिहिलेलं असतं आणि मधला ४८ दिसतच नाही. त्या जागी चकचकीत नागमोडी रेघा थरथरतात, हळूहळू कडेला सरकतात. अर्ध्या तासात रेघा जातात आणि डाव्या डोळ्यामागे घण पडायला लागतात. डोक्यावरची ती पांढरी एलईडी सहन होत नाही. कुणी बॉडी स्प्रे मारला, कुणी डबा उघडला की पोटात ढवळून येतं. अशा अवस्थेत मी लोकांच्या लाखोंच्या टॅक्सची बेरीज जुळवत असते!

माझ्या टेबलावरची ती एक लाइट बंद ठेवा, एवढंच मागितलं होतं. उत्तर काय, तर "मग उद्या सगळेच मागतील." मागू देत ना! एका बटणानं कुणाचं काय जाणार आहे?

गोळीचंही तेच. डॉक्टरांनी ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनचा अटॅक थांबवायचं औषध दिलंय, आणि ते दुखायला लागल्या लागल्या घ्यायचं असतं. उशीर झाला तर पोटाचं कामच मंदावलेलं असतं, गोळी नुसती आत पडून राहते. पण मीटिंगमधून उठायची सोय नाही. "पाच मिनिटं थांबा ना मॅडम." त्या पाच मिनिटांचा पाऊण तास होतो आणि त्याची किंमत मी रात्रभर उलट्या करून मोजते. बरं, भीतीपोटी आधीच गोळ्या खात सुटावं तर तेही नाही. महिन्यात १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, असं ३ महिन्यांवर चाललं, की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

घरी येऊन अंधार करून पडावं म्हटलं, तर लग्नसराईत राजेंद्रनगरच्या रस्त्यावरून डीजेवाली बारात. खिडकीच्या काचा थरथरतात. सकाळी जरा डोळा लागतो तेवढ्यात कचरागाडीचं गाणं. शहर स्वच्छ आहे याचा मलाही अभिमान आहे, पण त्या भोंग्याचा आवाज थोडा कमी केला तर कचरा काय उचलला जाणार नाही? आणि काकूंचा उपाय तयारच: सूर्य उगवायच्या आत गरम दूध-जिलेबी खा, अर्धशिशी पळते. मायेनं सांगतात, कळतं मला. पण जिला पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही तिच्यापुढे जिलेबी नका हो धरू!

सगळ्यात जास्त संताप मात्र दुसऱ्या दिवसाचा येतो. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून मी कामावर जाते. डोकं मात्र बधिर. एकच व्हाउचर तीनदा वाचावं लागतं, ओळखीच्या पार्टीचं नाव आठवत नाही. डॉक्टरांच्या मिडास नावाच्या प्रश्नावलीत मागच्या ३ महिन्यांत किती दिवस कामाला मुकलात हे तर विचारतातच, पण कामावर जाऊनही निम्मंसुद्धा काम झालं नाही असे दिवस किती, हेही विचारतात. म्हणजे हा आजार असाच वागतो हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. ऑफिसला नाही. रजा घेतली तर पगार कापतात, रजा न घेता कशीबशी येऊन बसले तर यंदाच्या अप्रेझलमध्ये लिहितात, "कामात सातत्य नाही, लक्ष नसतं."

त्याच महिन्यांतली एकही रिटर्न माझ्याकडून उशिरा गेलेली नाही. तारखा काढून दाखवल्यात मी. तो शेरा खोडेपर्यंत त्या फॉर्मवर माझी सही मिळणार नाही.