सुजाण डिजिटल नागरिक कसे व्हावे (प्रमाणपत्रासह)

विद्यार्थीमित्रांनो, डिजिटल नागरिकत्वाचा ऑनलाइन कोर्स लागला म्हणून घाबरू नका. व्हिडिओ चालू करा, मोबाईल उशाशी ठेवा आणि सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून घ्या. चादरीला जीआय मानांकन आहे, झोपही अस्सलच लागेल. चाचणीची उत्तरं वर्गाच्या ग्रुपवर रात्रीच येतात. तेवढाही कंटाळा असेल तर पासवर्ड रूममेटला द्या. ‘पासवर्ड कुणालाही सांगू नये’ या प्रश्नाचं उत्तर तो बरोबर लिहील.

आता प्रात्यक्षिक. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. (कुठल्या, ते विचारू नका, प्रत्येक कॉलेजसमोर ते असतंच.) आधार, पॅन, मार्कशीट, जातीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, सगळं काउंटरवर चिकटवलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. फॉर्म भरताना ओटीपी आला की खणखणीत आवाजात सांगा. आपलं सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलतं, तेव्हा रांगेतल्या कुणाचीच गैरसोय होणार नाही. काम झाल्यावर ‘फाईल डिलीट करा’ म्हणू नका, बिचाऱ्याला वाईट वाटतं. शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार फुकट डाउनलोड होतं म्हणे. पण लपवायला आपण काय चोर आहोत? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं 2023 मध्येच केलाय. आता डेटा सांभाळणं हे कायद्याचं काम, तुमचं नव्हे.

फॉरवर्डबद्दल मी काय शिकवणार? त्यात तुम्ही पीएचडी आहात.

त्यापेक्षा कमाईचं बोलू. एखादा सीनियर कॅन्टीनमध्ये चहा पाजेल आणि म्हणेल, “काय करलालास बे? खातं रिकामंच पडलंय ना, दे की दोन महिने.” द्या. पासबुक, एटीएम कार्ड, सिमसकट द्या. पाचेक हजार सुटतील. तिकडे कुणा निवृत्त मास्तरांना तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर धमकावून ‘डिजिटल अरेस्ट’ केलेली असते. अशी अटक कायद्यात कुठेच नाही, पण मास्तरांना आपल्यासारखा कोर्स कुणी दिलेला नव्हता. त्यांची पुंजी तुमच्या खात्यात घटकाभर टेकते आणि पुढच्या खात्यात निघून जाते. मागे राहतं फक्त तुमचं नाव. मग खातं गोठतं, त्याच खात्यात येणारी स्कॉलरशिप अडकते आणि परराज्यातल्या पोलिसांचा फोन येतो. तेव्हा घरी एवढंच सांगायचं, “मला काही माहीत नव्हतं.” यंत्रमागावरची पाळी बुडवून वडील तुमच्यासोबत पोलीस ठाण्यात येतील. विड्या वळता वळता आई शेजारणीला सांगेल, पोरगं साधं आहे हो.

उलट तुम्हीच कधी फसलात, तर 1930 ला चुकूनही फोन लावू नका. लगेच तक्रार गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येतात, अशी ती राष्ट्रीय हेल्पलाइन. म्हणजे घाईचा मामला, आणि घाई आपल्या स्वभावात नाही. खरं तर हा आकडा सोलापूरकरांना वेगळा पाठ करायलाच नको. मे 1930 मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला होता, हे इथं शाळेतलं पोरही सांगेल. पण इतिहास हा भाषणाचा विषय, फोनमध्ये कोण सेव्ह करतं? तर आधी मित्रांना विचारा, मग स्टेटस ठेवा, मग गड्ड्याची जत्रा उरकू द्या. बँकेत जायचं ते त्यानंतर, तेही जेवणाच्या सुट्टीत.

एवढं केलंत की कोर्सचं प्रमाणपत्र येईल. रंगीत प्रिंट हवी असेल तर त्याच झेरॉक्सच्या दुकानात जा. काही पाठवायची गरज नाही. तुमचं लॉगिन त्याच्याकडे आहेच.