माझेच पॉइंट्स आणि वर यांच्याच नाकदुऱ्या!

तीन दिवस! एका परतीच्या तिकिटाची तारीख चार दिवस अलीकडे आणायला माझे तीन दिवस गेले आणि एवढं करून मी विमानात बसलेच नाही. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी बाहेर होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी चार दिवस आधी घ्यायचं ठरवलं. माझं तिकीट पैशांऐवजी विमान कंपनीच्या पॉइंट्सवर काढलेलं. पाच वर्षं कार्डावर खर्च करून आणि ऑफिसच्या कामासाठी रात्री-अपरात्री विमानं पकडून जमवलेले पॉइंट्स होते ते. टॅक्स रोख भरला होता, तारीख बदलायचा जो काही आकार असेल तो भरायलाही मी तयार होते.

ॲप उघडलं तर बदलायचं बटणच नाही. "हे बुकिंग ऑनलाइन बदलता येणार नाही, कृपया फोन करा." का, तर जातानाचा प्रवास होऊन गेलाय, म्हणजे तिकीट अर्धं वापरलेलं, आणि येतानाचं पहिलं विमान पार्टनर एअरलाइनचं, म्हणजे माझ्या कंपनीशी करार असलेल्या दुसऱ्या कंपनीचं. अहो, हेच तिकीट याच ॲपवर पाच मिनिटांत निघालं होतं! पॉइंट्स कापून घेताना पार्टनर कुठे आडवा आला नाही?

मग फोन. बावन्न मिनिटं होल्डवर. त्रेपन्नाव्या मिनिटाला एकाने उचलला, पीएनआर विचारला, "एक मिनिट हं" म्हणाला आणि फोन कट. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा जी बाई आली ती म्हणाली, "त्या दिवशी सीट नाही." माझ्यासमोर लॅपटॉपवर तेच विमान उघडं होतं. नऊ सीट्स सरळ पैशाने विकायला ठेवलेल्या दिसत होत्या. तर म्हणे, "त्या रिवॉर्डच्या नाहीत मॅडम."

हा प्रकार मला माहीत आहे. पॉइंट्सवर द्यायच्या सीट्सचा बुकिंग क्लास, म्हणजे विक्रीसाठीचा गट, वेगळा असतो. त्यात किती सीट्स सोडायच्या ते विमान उडवणारी कंपनी ठरवते आणि पार्टनरच्या ग्राहकांना त्यातल्याही सगळ्या दिसतील असं नाही. नवीन तिकीट काढताना हे मी समजू शकते. पण माझी त्याच विमानात, फक्त चार दिवसांनंतरची सीट आधीच घेतलेली होती! ती सोडून मी दुसरी मागत होते, जास्तीची नाही. तरी त्यांचं एकच पालुपद, रिवॉर्ड तिकीट आहे मॅडम.

पार्टनरला फोन केला. ते म्हणाले, "तिकीट नंबराचे पहिले तीन आकडे बघा, ते आमचे नाहीत. ज्यांनी तिकीट दिलं त्यांच्याकडे जा." त्यांच्याकडे गेले तर, "विमान त्यांचं आहे, सीट त्यांनी सोडायला हवी." दोन दिवस ही टोलवाटोलवी. शेवटी सुपरवायझरने उपाय सांगितला की हे रद्द करा आणि नवीन काढा. रद्द केल्यावर पॉइंट्स खात्यात यायला काही दिवस लागणार, आणि नवीन तिकिटाला आता जवळजवळ दुप्पट पॉइंट्स पडणार, कारण पॉइंट्सचा दर रोज बदलतो. म्हणजे हातातलं सोडा आणि पळत्याच्या मागे लागा. हे मी आईच्या ऑपरेशनसाठी करायचं?

सगळ्यात जास्त तिडीक कशाची आली सांगू? त्याच सुपरवायझरने ऐकवलं, "शेवटी हे फुकट तिकीट आहे ना मॅडम."

फुकट? विमान कंपन्या हे पॉइंट्स बँकांना रोख पैसे घेऊन विकतात, आणि बँका ते कार्ड वापरणाऱ्या आपल्याला देतात. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपली पॉइंट्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. माझं भांडण या दोघांशी नाही, माझी कंपनी वेगळी आहे. पण धंदा सगळ्यांचा तोच. कर्ज काढताना पॉइंट्स म्हणजे सोनं, आणि मी तारीख बदलायला गेले की फुकट? युरोपात विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई देणारा २६१/२००४ हा नियम आहे. फुकट प्रवास करणाऱ्याला तो लागू होत नाही, पण फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे अशाच पॉइंट्सच्या, योजनेतल्या तिकिटाला होतो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायद्याला फरक कळतो, यांना कळत नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या कंपनीच्या फोनवरच्या एका शहाण्या मुलाने सीट शोधून दिली. तारीख बदलली, ईमेल आला, त्यात नवीन तारीख, नवीन वेळ. मी रडलेच. आईला फोन करून सांगितलं, येतेय.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमचं नाव आहे, पण तिकीट नाहीये." बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बुकिंगमध्ये तारीख बदलली की तिकीट नव्याने इश्यू करावं लागतं, त्याला नवा नंबर पडतो. त्या मुलाने बुकिंग बदललं आणि तिकीट री-इश्यूच्या रांगेत टाकून दिलं. तिथे ते पडून राहिलं. ईमेल पुन्हा काढून बघितला, तर तिकीट नंबर जुनाच होता. तेरा आकडे, एकही बदललेला नाही. हे मला कोणी सांगितलं होतं का, की ईमेल आला तरी नंबर ताडून बघा?

आणि काउंटर पार्टनरचा. दुसऱ्या कंपनीच्या तिकिटाला ती मुलगी हात लावू शकत नव्हती. बिचारीने स्वतःच्या फोनवरून त्यांना लावून दिला. स्पीकरवर होल्डचं तेच संगीत. मागची रांग सरकत गेली, संपली. काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं असताना पलीकडून आवाज आला, "री-इश्यूला दोन तास लागतील."

विमान गेलं. दुसऱ्या कंपनीचं तिकीट पूर्ण पैसे भरून काढलं आणि पोचले तेव्हा आईला आत नेलं होतं. तिने जाताना शेजारच्या काकूंचा हात धरला होता. तो माझा असायला हवा होता.

काल तक्रारीला उत्तर आलं. "प्रवासी विमानासाठी हजर न राहिल्याने परतीच्या प्रवासाचे पॉइंट्स परत करता येत नाहीत." हजर न राहिल्याने! एक तास दहा मिनिटं मी त्या काउंटरसमोर बॅग घेऊन उभी होते. माझ्या फोनवरच्या कॉलची यादी, जुन्या नंबराचा तो ईमेल, सगळं परत पाठवलंय. पॉइंट्स तर मला हवेतच. पण त्याच्याआधी माझ्या नावापुढचं ते 'नो-शो' खोडून हवंय, आणि ते खोडेपर्यंत मी रोज फोन करणार आहे.